टाकीत रंग टाकल्याशिवाय

नळवाले काका कुणाच्या शब्दावर जात नसत. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती फोडल्यावर त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं की "पाइप इकडूनच जातो" असं छातीठोक सांगणारा हमखास थापा मारतो. त्यांची रीत एकच. टाकीत रंग ओतायचा, बादली उपडी घालून तिच्यावर बसायचं आणि रंग कुठल्या तोटीतून येतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

अशा माणसाला झाला क्षय, आणि डॉक्टरांनी दिल्या गोळ्या!

"रोग छातीत आणि गोळी पोटात?" काका काकूंवरच उखडले. "अन्नाची नळी वेगळी, श्वासाची वेगळी. मध्ये सांधा कुठाय? चक्क गंडवतायत आपल्याला!"

मग काय, काकूंसमोर गोळ्या गालात धरायच्या आणि त्यांची पाठ वळली की हत्यारांच्या पिशवीत टाकायच्या, असं महिनाभर चाललं. काका निम्मे झाले. दोन पायऱ्या चढले की धापा टाकू लागले. त्यातही मोरीतला नळ वाहताना ऐकू आला की ओरडत, "पाणी कशाला सोडून ठेवतेस गं?"

शेवटी काकूंनी दवाखान्यातल्या नर्सबाईंना घरी बोलावलं.

"काका, लघवी केशरी होते ना?"

"छे! एकदम स्वच्छ," काका ऐटीत म्हणाले.

"म्हणजे तुम्ही गोळ्या घेतच नाही! त्यातल्या एका औषधाला रंग आहे. पोटातून ते रक्तात उतरतं आणि रक्त छातीत जातंच की."

काकूंनी हत्यारांची पिशवी उपडी केली. वायसरांबरोबर गोळ्या घरंगळल्या. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा तपासणी झाली, औषध पहिल्यापासून सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी संडासातून काकांची आरोळी आली, "रंग आला! पण ही तर भलतीच लाइन!" संशय काही जाईना. खोकला आला की ते पांढरा कागद धरून बसत. चौथ्या दिवशी कागदावर केशरी झाक उतरली. काका तो खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले.

"पोचतंय गं," ते म्हणाले आणि त्यांना रडूच फुटलं.

काकूंनी रुमालाने त्यांचे डोळे पुसले. रुमालही केशरी झाला.

"इथूनही गळतंय की," काका ओशाळून म्हणाले.

"गळू द्या," काकू म्हणाल्या. "माझं रडणं तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून महिनाभर मोरीतला नळ सोडत होते मी."