दुसऱ्या भाऊंचा नारळ

भूत, चकवा, लागीर असलं काही कुणी सांगायला लागलं की सगळ्यांत आधी मी हसायचो. स्टेशनवर रिकाम्या वेळात असले किस्से फार रंगतात, आणि ते मोडीत काढायचा मक्ता जणू माझाच. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे... ती पुढे येईलच.

मी मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरला फायरमन आहे. वडील पेपर मिलमध्ये नोकरीला आले, म्हणून आम्ही जळगावकडचे लोक इकडचे झालो. लोकांना वाटतं दमकल, म्हणजे आपलं अग्निशमन दल, म्हटलं की फक्त आग. अहो, आम्हाला जनावरांचे कॉलही तितकेच येतात — नाल्यात रुतलेली गाय, पत्र्यांच्या फटीत अडकलेलं मांजर, मांज्यात लटकलेली घार. आणि उन्हाळ्यात विहिरी. शेतातल्या विहिरीला कठडा बांधायचा आमच्याकडे सगळ्यांनाच कंटाळा.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी धूलकोटच्या बाजूच्या एका मळ्यातून कॉल आला. केळीच्या बागेतल्या विहिरीत म्हैस पडली होती. नाव भुरी, दिवस भरत आलेले. तिची मालकीण मंगलाबाई काठावर पालथी पडून खाली बघत होती. "भाऊ, पोटात पारडू हाय तिच्या. दोन जीव हायेत, दोन," एवढंच तिचं चाललं होतं.

जनावर काढायची आमची एक रीत आहे. दोर अंगाला काचतो, म्हणून जुना होजपाइप चपटा करून पट्ट्यासारखा पोटाखालून घ्यायचा — एक पुढच्या पायांमागे, एक मागच्या पायांपुढे — आणि जेसीबीच्या साखळीला अडकवायचा. दुसरं म्हणजे विहिरीच्या तोंडाशी गर्दी नको, जनावर बिथरतं. तिथे फक्त मालकाने थांबायचं आणि ओळखीचा आवाज देत राहायचं. इशाराही त्यानेच द्यायचा. हा नियम मी फार कडक पाळतो. त्यामुळे आमचे ड्रायव्हर सलीमभाई माझा दोर धरून लांब लिंबाच्या बुंध्याशी होते, जेसीबीवाला आपल्या सीटवर, गाववाले बांधापलीकडे. खाली वाकून बघणारी एकटी मंगलाबाई.

मी उतरलो. एकटा.

पाणी छातीपर्यंत, तळाला गाळ. भुरी थरथरत होती. वरून "भुरी, ए भुरी, उभी राय वं माय" ऐकू येत होतं. पहिला पट्टा पोटाखालून घ्यायला वाकलो आणि ती वळली. मला भिंतीवर असं दाबलं की नाकातोंडात पाणी गेलं. कसाबसा सुटलो... आणि मग जे केलं ते लिहायला हात धजत नाही. होज सोडून दिला आणि दोराला झटके देत सुटलो — वर घ्या, वर घ्या! मला काही लागलं नव्हतं. नुसती भीती. इतक्या वर्षांची नोकरी आणि मी दोन जीव तसेच खाली टाकून वर आलो.

काठावर पडून खोकत होतो, तेवढ्यात मंगलाबाई ओरडली, "बांधलं! उचला!"

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. थांबा म्हणायला तोंड उघडलं, पण खोकल्याशिवाय काही निघेना. जेसीबीने उचललं आणि भुरी वर आली. दोन्ही पट्टे जिथे हवेत तिथेच, सपाट, कुठे पीळ नाही. इतकं नीट मी कधी बांधलेलं नाही.

टाळ्या पडल्या. सलीमभाईंनी पाठीवर थाप मारली, "वा उस्ताद, क्या बांधा है!" मी हसलो. हो, हसलो!

भुरी पायांवर उभी राहिली तशी मंगलाबाई घरातून ताट घेऊन आली. दोन टॉवेल, दोन नारळ. एक टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून तिने आजूबाजूला बघितलं. "दुसरे भाऊ कुठी गेले?"

"कोण दुसरे?"

"खाली तुमच्यासंग व्हते ते. तुमी वर आले, ते बांधत राह्यले ना."

जाऊन विहिरीत वाकलो. गढूळ पाणी, बाकी काही नाही. आता तरी खरं बोलायचं होतं. पण गाववाले मोबाइलवर माझेच फोटो काढत होते, आणि मी म्हणालो, "ते गाडीत बसलेत. द्या, मी देतो त्यांना."

दोन्ही नारळ घेऊन मी गाडीत बसलो.

ग्रुपवर फोटो फिरले, साहेबांनी कौतुक केलं. सलीमभाईंना आडून विचारलं तर म्हणाले, "एक ही आदमी उतारा, एक ही निकाला. क्यों?" मी विषय बदलला. होज पाण्यात आपसूक अडकला असेल अशी मनाची समजूत घालून बघितली. एक वेढा अडकेल हो... दोन, आणि वर साखळीला गाठी? घरी तो दुसरा नारळ फोडायला मन होईना.

शेवटी सुटीच्या दिवशी तो नारळ आणि टॉवेल घेऊन मळ्यात गेलो. भुरीला वगार झाली होती, आईला ढुशा देत पीत होती. मंगलाबाईला सगळं सांगून टाकलं — एकटाच उतरलो होतो, घाबरून पळालो, नारळ खोटं बोलून घेतला.

"तोंड पाहिलं का त्यांचं?" मी विचारलं.

"नाय भाऊ. पाठच दिसे. कपडे तुमच्यासारखेच, खाकी."

"काही बोलले?"

"एकडाव बोलले. तुमी दोर झटकत व्हते ना, तवा. म्हणे, बाई, याले पहिले वर जाऊ द्या. दमला हाय तो."

मी तो नारळ तिथेच विहिरीवर फोडला. ते कोण होते, मला आजही सांगता येत नाही. या विहिरीत आजवर कुणी माणूस गेलेला नाही, असं मंगलाबाई सांगते. जवळून गाडी गेली तरी आता मी तिकडे बघत नाही. भीतीने नाही.

दमला, म्हणाले ते. मी घाबरलेला त्यांना दिसला नसेल का? हाताच्या अंतरावर तर होते. परक्या बाईपुढे त्यांनी माझी अब्रू झाकली... आणि मी त्यांचा नारळ लाटला.