दातांनी ऐकणारा मिस्त्री

लाखनीतल्या माझ्या छापखान्यात मशीन बिघडली, की भंडाऱ्याहून एक ठार बहिरा मिस्त्री यायचा. एकदा सानगडीच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची मोठी पोस्टरं छापताना अक्षरं दुहेरी उमटू लागली. नाटक दुसऱ्याच दिवशी होतं. मिस्त्रीनं लांब पेचकस दातांत धरला, त्याचं टोक चालत्या मशीनला टेकवलं आणि डोळे मिटले. टोक सरकवत तो एका जागी थांबला.

"हे बेअरिंग कण्हून राह्यलं!" तो ओरडला.

मशीन खोलली, तर बेअरिंगला खरंच तडा गेला होता. नवं बसवून त्यानं पेचकस माझ्या हाती दिला.

"मालक, आता तुमी आयका."

मी तो दातांत धरला. सगळी मशीन माझ्या कवटीत घुमू लागली. मी दचकून मागे सरलो. तो हसला. जगातलं तेवढंच त्याला ऐकू यायचं.