ती चीनला गेली नव्हती

माझी धाकटी बहीण सुरेखा गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या कारखान्याने वर्तमानपत्रात श्रद्धांजलीची जाहिरात दिली. ओळखपत्रावरचाच फोटो, त्याखाली तीन वाक्ये. पहिले, तिच्या अकाली जाण्याने कंपनी परिवार शोकाकुल झाल्याचे. दुसरे, भांडार विभागात तिने तीस वर्षे निष्ठेने सेवा केल्याचे. तिसरे, चीन दौऱ्यात तिने कंपनीचे यशस्वी प्रतिनिधित्व केल्याचे. पहिल्या वाक्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. दुसरे बरोबर आहे. तिसरे चूक आहे. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या टेबलावर बसून दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या, त्यामुळे हात आपोआप फोनकडे गेला. जाहिरात विभागातला ओळखीचा मुलगा म्हणाला, “सर, मजकूर पार्टीचा असतो. पार्टीनं दुरुस्ती दिली तर छापू.” पार्टीला, म्हणजे कंपनीला, फोन केला. तिथल्या बाई अदबीने म्हणाल्या, “पण सर, चांगलंच तर लिहिलंय ना मॅडमबद्दल?” दुरुस्ती आली नाही. म्हणून ती इथे देतो आहे. सुरेखा चीनला कधीही गेली नव्हती.

आमचे वडील गंगापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सुरेखा बी.कॉम. झाली आणि वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला लागली. प्लास्टिकचे दाणे वितळवून, साच्यात दाबून दुचाकीचे सुटे भाग करणारा कारखाना. पुढे त्यांनी करमाडच्या अलीकडे, शेंद्र्याला दुसरे युनिट काढले, तेव्हा तिथले स्टोअर तिच्याकडे आले. तिने लग्न केले नाही. कुणी कारण विचारले की “राहून गेलं” एवढेच म्हणायची. सिडकोतल्या दोन खोल्यांत एकटी राहायची आणि दर रविवारी सकाळी माझ्याकडे येऊन, माझ्याच वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनाने खुणा करायची.

शेंद्र्याला पहिले चिनी मशीन आले तेव्हा त्याच्या पॅनेलवरची अक्षरे चिनी होती, माहितीपुस्तक चिनी होते आणि सुट्या भागांच्या खोक्यांवरचा मजकूरही चिनीच होता. मशीन बंद पडले की मेकॅनिक स्टोअरच्या खिडकीशी येऊन सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी चकती, मागायचा आणि सुरेखाला एकामागून एक खोकी फोडून बघावी लागायची. तिला ते सहन होईना. तिने खोक्यावरची अक्षरे पुस्तकातल्या आकृत्यांखालच्या अक्षरांशी जुळवायला सुरुवात केली. वाचता काहीच येत नव्हते. ती फक्त आकार बघत होती. एका रविवारी तिने माझ्यापुढे खोक्याचा फाडलेला पुठ्ठा ठेवला आणि म्हणाली, “दादा, ह्यातलं तिसरं चित्र बघ. हेच पुस्तकात बाराव्या पानावर हाय. म्हंजी हे तेलाचं.” ते तेलाचेच होते. चिनी भाषेतला तो तिचा पहिला शब्द. मग पाणी, उष्णता, दाब, थांबा. वर्षभरात तिला दोनेकशे आकार ओळखू येऊ लागले, आणि त्यातला एकही तिला उच्चारता येत नव्हता.

उच्चार लिनने शिकवले. लिन ही मशीन बनवणाऱ्या कंपनीत विक्रीचे काम करणारी मुलगी. सुट्या भागांची मागणी मोबाइलवरून तिच्याकडे जायची. सुरेखा शब्द लिहून पाठवायची, लिन तो बोलून पाठवायची, सुरेखा तसाच बोलून परत पाठवायची, आणि लिन पुन्हा सावकाश बोलायची... असे दिवसातून चार-पाच वेळा, जेवणाच्या सुट्टीत. चिनी भाषेत आवाजाच्या चढ-उतारावर शब्दाचा अर्थ बदलतो, त्यामुळे स्टोअरमधून चमत्कारिक सूर ऐकू यायचे आणि खिडकीशी गर्दी व्हायची. “ताई, मांजर आलं का वो आत?” असे पोरे विचारायची. तिच्या हाताखाली शेखमामू होते, वयाने तिच्याहून मोठे. ते एकदा गंभीरपणे म्हणाले, “ताई, वो चीनवाले आपकू समझते क्या?” ती म्हणाली, “मामू, तुम्ही तरी मेरेकू कहाँ समझते? तरीबी स्टोअर चालतंय ना?” लिन तिला ‘सू-च्ये’ म्हणायची. च्ये म्हणजे थोरली बहीण. सुरेखा हे मोठ्या कौतुकाने सांगायची, “बघ, तिकडंबी मी ताईच.”

चार वर्षांनी कंपनीने तीन मोठ्या मशीनची मागणी नोंदवली. मशीन जहाजात चढण्याआधी आपला माणूस तिकडे जातो, आपला साचा लावून मशीन चालवून बघतो आणि मगच सही करतो. कारखान्यात याला ट्रायल म्हणतात. मागच्या खेपेला दोन इंजिनियर गेले होते. समोरचा काय म्हणतो ते न कळल्याने दोघे मान हलवत राहिले, सही करून आले, आणि त्या मशीनचा दरवाजा आजतागायत नीट बसलेला नाही. मालकांनी, त्यांना सगळे साहेब म्हणतात, भर बैठकीत जाहीर केले, “या वेळी सुरेखाताई जाणार.” त्या रविवारी ती लाल पेन न घेता आली.

पासपोर्टच्या चौकशीला घरी आलेल्या हवालदाराने विचारले, “एकट्याच चाललाय? चीनला? तिकडं काय खानार, मॅडम?” ती म्हणाली, “भात. तो तिकडंबी असतो.” तयारी तिने ताळेबंदाच्या शिस्तीने केली. धपाटे किती दिवस टिकतात ते आठवडाभर डब्यात ठेवून तपासले. लिनसाठी हिमरूची शाल घेतली. आणि एक वही केली. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची, आडव्या रेघांची. प्रत्येक पानावर तीन रकाने: मराठी वाक्य, चिनी अक्षरे, त्यांचा उच्चार देवनागरीत. पहिली दीडशे पाने मशीनची होती. हा आवाज कसला? दरवाजा उघडा असताना मशीन चालते का? पुन्हा दाखवा. मी अजून सही करणार नाही. नंतरची पाने तिची स्वतःची. मला खिडकीजवळची जागा हवी. यात मांस आहे का? मी एकटी आले आहे. आणि शेवटच्या पानावर एकच ओळ: हे मी स्वतः शिकले. तिचा चिनी उच्चार तिने मला तीनदा म्हणून दाखवला. वो त्झची श्युए द. मला तो अजून पाठ आहे, चढ-उतार सोडून.

त्याच दिवशी तिने विचारले होते, “तुझ्या पेपरात येईल का रे? गंगापूरच्या बाईची चीनवारी म्हणून?” मी म्हणालो, “जाऊन ये, मग छापू. घडल्याशिवाय बातमी होत नाही.” हा टेबलावरचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. ती म्हणाली, “बरं, घडवून येते.”

व्हिसा मिळाला. निघायला नऊ दिवस असताना साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावले आणि बसायला सांगितले. तिच्याच शब्दांत, “बसा म्हनले तवाच मला कळलं.” साहेबांचा पुतण्या धीरज तीन वर्षांपूर्वी कंपनीत आला होता, इंजिनियर होता. साहेब म्हणाले, “ताई, तुम्ही घरच्यासारख्या. परदेशात बाईमाणूस एकटं पाठवायचं म्हणजे जबाबदारी येते. धीरज जाऊन येईल. तुमची ती वही तेवढी त्याला द्या.” तिने उद्या देते म्हणून सांगितले आणि संध्याकाळी मला फोन केला. “दादा, वही मागतायत.” मी उद्याच्या अंकाचे पान लावत होतो. विचारले, “मग?” ती म्हणाली, “देऊ नको वाटतंय. नाय दिली तर जाईल कसा तो? मग मलाच धाडतील.” मी म्हणालो, “देऊन टाक. कशाला वाईटपणा घेतेस? पुढच्या वेळी तू जाशील.” ती म्हणाली, “बरं.” त्या संभाषणातले माझे एकही वाक्य मला आज दुरुस्त करता येत नाही. ते छापून झाले आहे.

सुरेखाऐवजी धीरज येतो आहे, हे लिनला कुणी कळवले नाही. लिनला कळवायचे काम सुरेखाचे होते, आणि ते तिने केले नाही. त्यामुळे लिन विमानतळावर पांढरा फलक घेऊन उभी होती. फलकावर देवनागरीत लिहिले होते: सुरेखा. अक्षरे वाकडी होती, ‘ख’ दोन जागी तुटला होता. सुरेखाने जसे खोक्यावरचे आकार उतरवले होते, तसेच या मुलीने सुरेखाचे नाव उतरवले होते, एकही अक्षर वाचता येत नसताना. धीरजला गंमत वाटली. त्याने फलक हातात घेतला, छातीशी धरला, फोटो काढून घेतला आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, ‘चीनमध्ये माझं नवीन नाव!’ सदतीस जणांनी हसरे चेहरे पाठवले. सुरेखाने तो फोटो मला दाखवला. फलकावर बोट ठेवून म्हणाली, “रेघा बघ. ‘स’ कुठून सुरू करायचा ते तिला कुणी सांगितलंच नाय.”

दहा दिवसांनी धीरज परत आला. वही कुठे आहे असे तिने विचारले. तो म्हणाला, “अरे हो... सॉरी मॅडम, हॉटेलवरच राहिली वाटतं.” दोनशे पाने चीनला गेली आणि परत आली नाहीत. शाल तिने पाठवलीच नव्हती.

मशीन आली. पॅनेल पुन्हा चिनीच होते. ते बदलून मागायचे धीरजच्या लक्षात आले नव्हते, वहीत ते वाक्य बावन्नाव्या पानावर असूनही. दुसऱ्याच आठवड्यात एका ऑपरेटरने चुकीचे बटण दाबले आणि त्याची बोटे थोडक्यात वाचली. त्या दिवशी दुपारी सुरेखा पांढरी चिकटपट्टी, काळा मार्कर आणि स्टूल घेऊन गेली आणि तिन्ही मशीनच्या प्रत्येक बटणाखाली मराठीत लिहून आली. थांबा. दार बंद. साचा उघडा. तेल गरम आहे. तिला कुणी सांगितले नव्हते. शेखमामूंनी विचारले तेव्हा म्हणाली, “हात पोरांचे हायत, मामू. साहेबांचे नाय.”

पुढचा प्रसंग मला शेखमामूंनी सांगितला. तिने कधीच सांगितला नाही. पावसाळ्यात त्यातले एक मशीन अडले. पॅनेलवर लाल ओळ आली आणि काही केल्या जाईना. साहेब स्वतः खाली आले. सगळे जमलेले. साहेब म्हणाले, “ताई, लिनला फोन लावा आणि जरा बोला.” सुरेखा म्हणाली, “मला चिनी येत नाही, साहेब.” साहेब हसले. म्हणाले, “अहो ताई, आता काय चेष्टा करताय!” ती म्हणाली, “चेष्टा नाही. सगळं वहीत होतं. वही तिकडं राहिली.” मामू म्हणाले, “साब का मुँह देखने जैसा हुआ था, भाईसाब.” पॅनेलवर नेमके काय लिहिले आहे ते तिला वाचता येत होते. मामूंची तशी खात्री आहे, कारण स्टोअरमध्ये परत येऊन तिने एक सील काढून टेबलावर ठेवले, आणि दोन दिवसांनी पुण्याहून दुभाषा बोलावल्यावर तेच सील लागले.

त्यानंतर सहा वर्षे तिने त्या भाषेतला एकही शब्द उच्चारला नाही. लिनचे निरोप येत राहिले, मग बंद झाले. स्टोअरमधली तिची काचेची केबिन गेली, तिला मागच्या गोदामात बसवले. पुढच्या वेळी कुणाला जायचे हा प्रश्न दोनदा आला. दोन्ही वेळा धीरज गेला. रविवारी ती यायची, खुणा करायची. मी एकदा म्हणालो, आपण आपल्या खर्चाने जाऊ, मी येतो बरोबर. ती म्हणाली, “फिरायला कोण जात होतं?” तो विषय पुन्हा निघाला नाही. मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा ती गोदामातच होती. चार दिवस दवाखान्यात होती, शुद्धीवर आली नाही. त्रेपन्नाव्या वर्षी गेली. तिचा पासपोर्ट माझ्याकडे आहे. त्यात व्हिसा चिकटवलेला आहे. शिक्का एकही नाही.

मागच्या आठवड्यात तिचा डबा आणि चष्मा आणायला मी शेंद्र्याला गेलो. जाहिरातीतल्या तिसऱ्या वाक्याचा उगम तिथे कळला. त्या फोनवरच्या बाई दोन वर्षांपूर्वीच लागलेल्या. जुन्या फोटोंत त्यांना विमानतळावरचा फलक दिसला, त्यावर नाव दिसले. धरणारा माणूस बाजूचा कुणीतरी असेल, असे त्यांना वाटले. चूक प्रामाणिक होती. मी तसे त्यांना म्हटले.

मामू मला मशीनपर्यंत घेऊन गेले. चिकटपट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, कडा काळ्या झाल्या आहेत, पण अक्षर तिचेच आहे. ‘द’ची शेपटी ती लहानपणापासून अशीच लांब काढायची. मशीनवर करमाडचा तिशीतला एक ऑपरेटर होता. हे कुणी लिहिले, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “मशीनसंगंच आलंय. मराठी लिवून धाडत्यात की आता चीनवाले.” मी म्हणालो, “नाही. माझ्या बहिणीनं लिहिलंय. स्टोअरच्या सुरेखाताईंनी.” त्याचा चेहरा एकदम खुलला. “व्हय? त्या चीनला गेलेल्या मॅडम?” मी म्हणालो, “गेल्या नव्हत्या.” “मग चिनी कुठं शिकल्या?” मी म्हणालो, “इथंच. स्वतः शिकल्या.” त्याने माझ्याकडे बघितले, मग मामूंकडे. वयस्कर माणसाला खोटे ठरवू नये म्हणून असेल, त्याने मान डोलावली. मशीनमधून भाग पडायची वेळ झाली होती. ‘दार बंद’ लिहिलेल्या पट्टीच्या वरचे बटण त्याने न वाचताच दाबले.