उपडी वाटी

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी मुलगी नागपुरात ज्या मेडिकल प्रवेशाच्या क्लासला जायची, तिथं तो विज्ञान शिकवायचा. मी समोरच्या टपरीवर तिची वाट बघत बसायचो, तिथं तो दोन बॅचच्या मधे चहा प्यायला यायचा. क्लासच्या बाहेरच्या भिंतीवर पास झालेल्या मुलांचे फोटो होते. तो कायम त्यांच्याकडे पाठ करून बसायचा आणि चहात बोट बुडवून टेबलावर चित्रं काढायचा.

एकदा त्याने वाटी काढली. "फिजिक्समध्ये हा खड्डा. चेंडू तळाशी गेला की आपोआप वर येत नाही. बायोलॉजीत हे कीटक खाणारं झाड. कीडा गोडाच्या वासानं येते अन् आत घसरते." मग तीच वाटी उपडी काढली. "हा जमिनीखालचा दगड. खनिज तेल वर वर चढत जाते अन् याच्याखाली अडकते. वर जाणाऱ्याचा सापळा असा उपडा असते, भाऊ."

माझी मुलगी तिसऱ्यांदा त्याच परीक्षेला बसत होती. मी चिडूनच विचारलं, "मग तुम्ही काहून थांबले इथं?"

"मीबी डॉक्टर व्हायलेच आलो होतो जी."

घंटा वाजली. त्याने बाहीने टेबल पुसलं आणि माझ्या मुलीच्या वर्गावर गेला.