पेडण्याचे वाफर जपणारा माझा दादा

काल सकाळी दादा गेला.

मये गावचा वाफर कसा कापायचा, हे आता मी कोणाला विचारू?

सुभाषदादा. माझा थोरला भाऊ. मुरगाव बंदरात क्रेन चालवायचा. वर्षभर तिकडे, पण कार्तिक आला की रजा टाकून पेडण्याला घरी.
वाफर करायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वाफर म्हणजे पतंगाच्या कागदाच्या पाकळ्या कापून, चिकटवून केलेला, माणसापेक्षा उंच फुगा. तोंडाशी बांबूच्या कामटीची कडी, कडीत तेलात भिजवलेला बोळा. बोळा पेटला की आत गरम हवा भरते आणि वाफर हातातून सुटायला बघतो.

त्रिपुरी पौर्णिमेला देवळासमोर सोडायचे. सगळा गाव माना वर करून उभा. वाफर ठिपक्याएवढा होईपर्यंत दादा कोणाशी बोलायचा नाही.

मग आमच्या जवळच मोपाला विमानतळ आला.

गावची बैठक बसली. वाफर बंद करायचा का? सगळे दादाकडे बघायला लागले.
पहिला हात त्यानेच वर केला.

"विमानात माणसां आसतत रे," एवढंच म्हणाला.

घरी आला आणि जेवला नाही. वहिनीने ताट झाकून ठेवलं.

रिटायर झाल्यावर त्याने नवं खूळ डोक्यात घेतलं. उडवायचे नाहीत तर नाहीत, पण जपायचे तरी. स्कूटर काढायची आणि पेडणे, डिचोली, गावोगाव फिरायचं. कुणाच्याही अंगणात उभा राहून विचारायचा, "तुमच्याकडे जुनो वाफर आसा काय हो?"

लोक हसायचे. मग चहा द्यायचे. मग माळ्यावर चढायचे.

कुठे नुसती कडी मिळायची, कुठे फाटका कागद, कुठे एखाद्या लग्नाच्या फोटोत मागे अर्धा दिसणारा वाफर. प्रत्येक गावाचा घाट वेगळा होता, हे मलाही तेव्हाच कळलं. मयेचा भोपळ्यासारखा, रुंद पाकळ्यांचा. आमचा लांबट, वर निमुळता.

"बाय, नाक बघून माणूस खयच्या घराचो ता कळता मगे? तसाच ह्या," मला म्हणायचा.

देवळाच्या अग्रशाळेत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, त्यातली एक कमिटीने त्याला दिली. तिथे त्याने सगळे टांगले. शाळांच्या ट्रिप यायला लागल्या. दादा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहायचा. एवढा खूश मी त्याला स्वतःच्या लग्नातही बघितला नव्हता.

आणि एकदा जत्रेआधी अग्रशाळेला रंग द्यायचं काम निघालं.

रंगाऱ्यांना कोणी काही सांगितलंच नाही. खोली रिकामी करायची होती, त्यांनी केली. जुना कागद, मोडक्या कामट्या. मागच्या बाजूला कचऱ्याबरोबर पेटवून दिलं.

दादा पोचला तेव्हा राख उरली होती.

बेळगावकडचा रंगारी हात जोडून उभा होता. "अण्णा, रद्दी वाटली ओ आम्हाला. खरंच रद्दी वाटली."

दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
"तुजी चूक नाय रे. चाय घेतलंस?"

मला फोनवर सांगताना मात्र त्याला वाक्य पुरं करता आलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात बाजारातून कागद घेऊन आला. म्हणाला, सगळे डोक्यात आहेत, परत करतो.

केले असते. पण पावसाळ्यानंतर अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. वाचा गेली.

सगळे वाफर आत. आणि बाहेर यायला वाट नाही.

मग मी डिचोलीच्या माझ्या घरून दर रविवारी बसने पेडण्याला जायला लागले. दादा खुर्चीत, मी जमिनीवर कागद पसरून. कात्री लावायची आणि त्याच्याकडे बघायचं. चुकलं की तो डोळे मिटायचा. बरोबर असलं की डावा हात हलकेच मांडीवर आपटायचा.
पुष्कळ कागद वाया गेला. मी वैतागून कात्री खाली ठेवली की वाकड्या तोंडाने हसायचा.

असं करत करत आमच्या गावचा वाफर पुरा झाला.

शाळेच्या मैदानावर दोरी बांधून, खाली शेगडी ठेवून फुगवला. सोडायचा नव्हताच. नुसता उभा करायचा होता.

कौलांच्या वर गेला आणि दोरीला हिसका द्यायला लागला. खुर्चीतून दादाच्या घशातून एक आवाज आला. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मला वाटलं रडतोय.
वहिनी म्हणाली, "हसतत गो."

मग मयेचा घेतला. थोड्याच पाकळ्या कापून झाल्या होत्या. गेल्या रविवारी एक पाकळी तीनतीनदा कापली आणि तिन्ही वेळा त्याने डोळे मिटले. म्हटलं, राहू दे, पुढच्या रविवारी बघू.

काल सकाळी वहिनी पेज घेऊन गेली तर दादा उठला नाही.

आज दुपारी ओसरीवर माणसं बसलेली असताना एक म्हातारी रिक्षातून उतरली. हरमलची. काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"सुभाष खंय? ताणे मागिल्लो. आता माळ्यार सापडलो."

अभ्र्यात वाफर होता. जुना, गुलाबी, कडीसकट. अख्खा.

मी म्हटलं, "आजी, दादा काल गेलो."

ती होती तिथेच पायरीवर बसली. अभ्रा छातीशी धरून.
"मिया उशीर केलंय गो," म्हणाली. परत परत तेच म्हणत राहिली.

जाताना तो माझ्या मांडीवर ठेवून गेली.

आता दादाच्या खोलीत बसून हे लिहितेय. वाफर समोर पलंगावर ठेवलाय. घडी उलगडायची हिंमत होत नाही. कागद इतका जुना आहे की बोट लागलं तरी फाटेल, आणि कसा उघडायचा हे सांगणारं घरात कोणी नाही.

दादा, नीट जा रे.
तुझ्या बायचा नमस्कार.