कडेवरचं नाव

आमच्या घरात चांदीची वस्तू एकच होती आणि ती अंगावर घालायची नव्हती. आज्याचा बिल्ला. माझा आजा, म्हणजे वडिलांचे वडील, पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेला होता. लढाईवरून आलेल्यांना जमीन मिळणार, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. जमीन मिळाली नाही. टपालाने बिल्ला आला. एका बाजूला राजाचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. आई ती दुसरी बाजू कायम खाली करून ठेवायची.

आज्याचा फोटो नाही. मला त्याचा खोकला आठवतो, तोंड आठवत नाही. बिल्ल्याच्या कडेवर त्याचं नाव इंग्रजीत ठोकलंय, हे मात्र बाबा येईल त्याला सांगायचे. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. मी महाडच्या कॉलेजातून बी.ए. झाले, आमच्या बौद्धवाडीत पहिली, पण मीही ती कड कधी नीट वाचली नव्हती. बारीक अक्षरं आहेत एवढं दिसायचं. वाचायची गरज पडली नाही, कारण नाव आम्हाला पाठच होतं.

वर्षातून एकदा, जयंतीच्या आदल्या दिवशी, बिल्ला डब्यातून बाहेर निघे. आई चिंच भिजत घाली आणि चुलीतल्या राखेने तो घाशी. आधी माझी आजी घासायची, मग आई. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे तो असा चकचकीत दिसायचा की सबंध वाडी येऊन बघून जायची. फीत मूळची कुजून गेली होती. आईने निळी लावली होती.

मी पोलादपूरला तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले त्याच सुमाराची ही गोष्ट. कापडे गावाच्या अलीकडे आमचं घर होतं, पण घराखालची जागा आमची नव्हती. ती आणि तिच्या खालचं भाताचं खाचर गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर होतं. तो म्हातारा झाला, मुलं मुंबईला राहिली, आणि त्याने सगळं विकायला काढलं. बाबांना त्याने स्वतः बोलावून सांगितलं की तुला घ्यायचं असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबतो, नंतर पुण्याचा एकजण तयार आहे. त्याने थांबायची तयारी दाखवली हे मी आजही मानते. पण पुण्याच्या माणसाला आमचं घर तिथे कशाला हवं असणार, हे काय कुणी सांगायला लागत नव्हतं.

बाबांची बचत आणि माझा पगार मिळून जागेच्या निम्म्या किमतीपर्यंतही पोचत नव्हतं. तेव्हा मुंबईच्या माझ्या चुलतभावाने बिल्ल्याचं काढलं. तो जुन्या सामानाच्या दुकानात कामाला होता. इंग्लंडचा एक गोरा तिथे येऊन पत्ता ठेवून गेला होता. तो नेमके आज्याच्या पलटणीचे बिल्ले जमवायचा आणि चांदीच्या भावाच्या कितीतरी पट देऊन घ्यायचा.

"काका, मेडल म्हणतात त्याला. फॉरेनमध्ये लोक कपाट भरून ठेवतात," चुलतभाऊ म्हणाला.

"आनि घालतं कोन?" बाबांनी विचारलं.

"घालत नाय कोन. बघतात."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मला म्हणाले, "बाय, लिव त्याला." एवढंच.

मी लिहिलं. माझं इंग्रजी सरळ होतं, नटवं नव्हतं, पण कुणाला दाखवून दुरुस्त करून घेतलं नाही. उत्तर आलं की बिल्ला पाठवा, बघतो आणि मग पैसे धाडतो. चुलतभावाचं म्हणणं निराळं. त्याच्या ओळखीचा खलाशी होता, तो बोटीवरून हातोहात नेईल. मी दोन्हीला नाही म्हटलं. बिल्ला आधी गेला आणि पैसे आलेच नाहीत तर आम्ही कुठल्या कोर्टात जाणार होतो? आणि खलाशाला तर मी पाहिलंही नव्हतं.

महाडच्या बँकेत जाऊन मी साहेबापुढे बसले. तो पुण्याकडचा, बोलायला सावकाश. त्याने मार्ग दाखवला. पार्सल त्या गोऱ्याच्या नावाने पाठवायचंच नाही, तिकडच्या बँकेच्या नावाने पाठवायचं. गोऱ्याने बँकेत पैसे भरले की बँक त्याच्या हातात पार्सल देईल. नाही भरले तर पार्सल माघारी. शंभर वर्षांवरची जुनी वस्तू देशाबाहेर धाडता येत नाही म्हणाला, पण आमचा बिल्ला तेवढा म्हातारा नव्हता. घरी येऊन बाबांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे परक्या दारात जामिनाशिवाय उभा नाय ऱ्हायचा. बरं हाय."

गोऱ्याने ते कबूल केलं, पण त्याआधी एक अट घातली. या बिल्ल्यांची किंमत कडेवरच्या नावाने ठरते, कारण कुणाचा होता ते त्यावरून कळतं. तेव्हा कडेचा ठसा कागदावर घेऊन पाठवा. पातळ कागद ठेवायचा, वरून शिसपेन्सिल घासायची.

मी पतंगाचा कागद आणला. दारात उजेडाला बसून बाबांनी बिल्ला दोन बोटांत उभा धरला आणि मी कडेवर कागद ताणून पेन्सिल घासत गेले. आधी आज्याच्या पलटणीतल्या नंबराचे आकडे उमटले, अगदी स्वच्छ. मग नावाची पहिली तीन अक्षरं, पुसट. मग नुसता काळा पट्टा. शेवटी एक अक्षर, ते कुठलं हेही सांगता येईना. मी पुन्हा घासलं. तेच.

"वाच की," बाबा म्हणाले.

मी होतं तेवढं वाचलं.

"आनि म्होरलं?"

"म्होरलं नाय बाबा. झिजलंय."

आई मागे उंबऱ्यावर बसली होती. तिने उठून कागदावरचा काळा पट्टा बघितला. मग म्हणाली, "मीच घासलं गो. दर साली जोर करून घासलं."

बाबांनी बिल्ला तिच्या हातात दिला. "माज्या आयेनंबी घासलंय. काळा ठेवला आसता तर वाडीनं काय म्हनलं आसतं?"

मी गोऱ्याला खरं ते लिहून टाकलं: नाव अर्धं गेलंय, कारण आम्ही त्याला दरवर्षी मानाने घासत आलो. आज्याचं पूर्ण नाव मी खाली ठळक अक्षरांत लिहिलं. बाबांनी तो कागद पाकिटात जाईपर्यंत हातात धरून ठेवला होता. उत्तर येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. जागेकडे बघवत नव्हतं. आलेल्या उत्तरात किंमत थोडी उतरवली होती, पण बिल्ला हवाच होता. नंबर शाबूत आहे, पलटणीच्या यादीत तो मिळतो, असं त्याने लिहिलं होतं. नंबरावर काम भागलं. मला ते लागलं.

पोलादपूरच्या पोस्टात पार्सल शिवून नेलं तर मास्तर म्हणाले, विम्याचं पार्सल आहे, लाखेवर तुमची स्वतःची मोहोर पाहिजे. नाणं नाही चालणार, बटण नाही चालणार. आमच्या घरात मोहोर कुठून असणार? बाबांनी अंगठा पुढे केला.

"भाजेल बाबा," मास्तर म्हणाले.

"भाजू दे की. दुसरं कोन माजा अंगठा आनील?"

मास्तर हसले, मीही हसले. मग मी महाडच्या बाजारात तांबटाकडून आज्याच्या नावाची दोन अक्षरं पितळेत कोरून आणली आणि दुसऱ्या खेपेला लाखेवर ती दाबली. आत काय आहे ते जकातीच्या चिठ्ठीवर लिहायचं होतं. मी लिहिलं, चांदीचा जुना बिल्ला. बाबांना त्यात बसऱ्याची लढाई घालायची होती. तेवढी जागा नव्हती.

पैसे आले. बँकेतून, वेळेत, बिनतक्रार. बाकीची भर मी कर्ज काढून घातली. जागा आणि खाचर बाबांच्या नावावर चढलं. सातबाऱ्याचा उतारा मीच आणला आणि वाचून दाखवला. आज्याला जी मिळायची होती ती जमीन त्याच्या बिल्ल्यानेच आणली, असं वाडीत सगळे म्हणू लागले, आणि ते खरंच होतं.

तरी बाबांचं मन थाऱ्यावर नव्हतं. अधूनमधून विचारायचे, त्या सायबाचं घर कसं आसल, थंडी लय आसल का तितं. शेवटी मी गोऱ्याला आणखी एक पत्र टाकलं. त्या पत्राचा विक्रीशी संबंध नव्हता. बिल्ला कुठे ठेवलाय एवढंच विचारलं. त्याने कळवलं, मखमलीच्या खणात, त्याच पलटणीच्या बाकीच्या बिल्ल्यांत, नंबराप्रमाणे लावून. शेजारी आज्याच्या आधीच्याच नंबराचा आहे.

बाबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजे भरतीला त्याच्या म्होरं हुबा होता त्यो," ते म्हणाले. "मंग एकटा नाय." त्या दिवसानंतर त्यांनी थंडीचं विचारलं नाही.

माझं तेवढ्याने भागलं नाही, अजून भागत नाही. जमीन देऊन बिल्ला परत घेशील का असं कुणी विचारलं तर साफ नाही म्हणेन. पण आता आई नाही, बाबा नाहीत, आणि आजीने नि आईने घासून गुळगुळीत केलेली ती कड सातासमुद्रापलीकडे एका खणात पडून आहे. तिथे तिला कुणी नंबरासाठीच बघत असेल. मला ती नख फिरवून बघायची आहे, जिथे अक्षरं नाहीत तिथे.