मुराळी जेवल्याशिवाय जात नाही

माझ्या सासूबाई मनकर्णाबाई म्हणजे गारखेड्यातला दरारा. भाजीवालीसुद्धा त्यांच्यापुढं काटा मारायला धजत नसे. पण नागपंचमीला त्यांना माहेरी न्यायला मुराळी काही येत नसे. आळीतल्या सगळ्या लेकीसुना भावाबरोबर निघाल्या, की या दाराला कडी लावून आत बसायच्या. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी कन्नडहून मला न्यायला माझा धाकटा भाऊ आला, रामकिसन. सतरा वर्षांचं पोर आणि बुडाखाली नवी मोटारसायकल! तान्ह्या लेकीला दुपट्यात गुंडाळून मी तयारच होते. पाणी देताना सासूबाईंच्या नाकपुड्या फुगल्या. वास मलाही आला. वाटेत दोस्तांनी पाजली होती. पण माहेरची ओढ वाईट. मी म्हटलं, "थोडीच घेतलीय आत्या, जाऊ की हळूहळू."

सासूबाई चक्क हसल्या. त्या हसल्या की मला जास्त भीती वाटायची. "मुराळी जेवल्याबिगर जात नाय," असं म्हणत त्यांनी त्याच्या हातातली किल्ली घेतली, कमरेला खोचली आणि तेव्हा कुठं पुरणाची डाळ निवडायला घेतली.

तो दोनदा उठला. दोन्ही वेळा "बस रं, डाळ शिजंना अजून" ऐकून बसला. डाळ शिजली, पुरण पाट्यावर आलं, तेव्हा मात्र तो भडकला. "किल्ली द्या मावशी! तुमाला कुनी न्यायला येत नाय, म्हनून ताईला अडवता व्हय?"

पुरण पाट्यावर तसंच ठेवून सासूबाई उठल्या आणि जाऊन उंबऱ्यावर बसल्या.

"येत व्हता की. माझा भाऊ, बद्रीनाथ. तुझ्याच वयाचा, फटफटीवर, असाच पिऊन. मी पिशवी भरून हितंच बसले व्हते. पोचलाच नाय त्यो." त्यांनी किल्ली पुढं धरली. "घे. पन जायचं तर माझ्या अंगावरून जा."

रामकिसननं किल्ली घेतलीच नाही. तो परत जागेवर जाऊन बसला. मी लेकीला उराशी आवळलं. हिला घेऊन मी त्या गाडीवर बसणार होते! माझी मलाच चीड आली.

सकाळी गाडी अंगणातच ठेवून आम्ही एसटीनं गेलो.

पुढच्या पंचमीला तो एसटीनंच आला. पोटभर पुरणपोळी जेवला, हात धुतले आणि सासूबाईंपुढं उभा राहिला.

"मावशी, तुमची पिशवी कुठंय? मी दोघींना न्यायला आलोय."